चौकट की बॉक्स? जुने घर नव्याने लावताना कपाटांची बांधणी ठरवण्याची कृती

घराचे काम काढले की कपाटांची बोलणी बहुतेक वेळा सनमायकाच्या फोल्डरपासून सुरू होतात. रंग, चमक, मुठी यांवर घरातल्या प्रत्येकाचे मत असते. पल्ल्यामागे काय उभे राहणार, याबद्दल मात्र ‘मिस्त्री बघून घेतील’ एवढ्यावर भागवले जाते. माझे म्हणणे असे की हा क्रम उलटा हवा. आधी सांगाडा ठरवावा, मग माल, आणि रंग अगदी शेवटी. दुसरे म्हणजे अख्ख्या घराला एकच बांधणी लावण्याचा हट्ट धरू नये. विदर्भातल्या मंगरूळपीरसारख्या गावात, जिथे मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांपुढे जातो आणि जुलै-ऑगस्टात भिंती पाणी धरतात, तिथे ओट्याखालची जागा, ओट्यावरची जागा आणि झोपायच्या खोलीतली जागा वेगवेगळी उत्तरे मागतात.

आधी बांधण्या ओळखा

बॉक्स बांधणीत प्लायवूडच्या दोन बाजू, तळ, वरच्या दोन पट्ट्या आणि पाठ जोडून डबा करतात. पल्ला थेट बाजूच्या फळीला लागतो आणि तिची कड झाकून टाकतो, त्यामुळे समोरून फक्त पल्लेच दिसतात. ही रीत युरोपातली. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत घरे झपाट्याने उभी करायची होती. चांगले लाकूड दुर्मीळ होते, पार्टिकल बोर्ड मात्र कारखान्यात तयार होऊ लागला होता. त्यातूनच बाजूच्या फळीला ३२ मिलिमीटर अंतराने ५ मिलिमीटरची छिद्रे पाडून बिजागऱ्या, चॅनल, कप्पे सगळे त्याच छिद्रांवर बसवण्याची पद्धत रुजली. दुकानदार ज्याला ‘मॉड्युलर’ म्हणतात ते याच घराण्यातले.

चौकट बांधणीत तोंडाशी दीड-दोन इंच रुंद लाकडी पट्ट्यांची चौकट असते आणि पल्ला त्या चौकटीवर टेकतो किंवा तिच्या आत बसतो. अमेरिकेतल्या कपाटांत चौकटीमागे पुन्हा पूर्ण डबा असतो. आपल्याकडे तो बहुधा नसतो. गवंड्याने ओट्याखाली कडप्प्याचे पाय आणि आडवे कप्पे उभे केलेले असतात, सुतार त्यांच्या तोंडाला चौकट लावून पल्ले टांगतो.

आणि तिसरे म्हणजे फडताळ. गावठाणातल्या जुन्या घरात पांढऱ्या मातीची जाड भिंत बांधतानाच खण सोडलेला असतो. त्याला सागाची चौकट, दोन पल्ले, आत दोन फळ्या. बाजू आणि पाठ भिंतीचीच. दुरुस्ती काढली की सगळ्यात आधी हे फडताळ विटांनी बुजवून टाकायची घाई होते. ती करू नका. त्याच्याविषयी पुढे सविस्तर येईल.

पायरी १ : मोजण्याआधी भिंत तपासा

जुनी मांडणी, शेल्फ, खिळे, कॅलेंडर सगळे काढून भिंत मोकळी करा. ओळंबा, गुण्या, पाण्याची पारदर्शक नळी आणि टेप एवढ्यावर हे काम होते.

छतापासून ओळंबा सोडा आणि वर, मध्ये, खाली दोरीपासून भिंतीचे अंतर मोजा. सात फुटांत पाव इंचापर्यंत फरक असेल तर बॉक्स निश्चिंतपणे बसतो. फरक अर्ध्या इंचाच्या पुढे गेला तर बॉक्सच्या कडेला उघडी फट राहते आणि ती झाकायला पट्टी लावावी लागते. चौकटीचे काम इथे सोपे पडते, कारण कडेची उभी पट्टी थोडी रुंद ठेवून भिंतीच्या वळणाप्रमाणे रंधून घेता येते. कोपरा काटकोनात आहे की नाही, हे पाहायला एका भिंतीवर ३ फुटांवर आणि दुसरीवर ४ फुटांवर खूण करा. दोन खुणांतले तिरके अंतर बरोबर ५ फूट आले पाहिजे. जमिनीचा उतार नळीतल्या पाण्याने कळतो.

गावाबाहेर शेतजमिनीवर पडलेल्या ले-आउटमध्ये घर असेल तर आणखी एक गोष्ट पाहा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया उथळ असेल तर भिंत दर वर्षी थोडी हलते आणि खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरक्या भेगा निघतात. अशा भेगेवरून कपाट ओढून नेऊ नका. भेगेच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक, असे दोन सुटे बॉक्स ठेवा. एकसंध चौकट असेल तर भिंतीबरोबर तीही ताणली जाते आणि पल्ले अडकू लागतात.

ओल पाहायची खरी वेळ पावसाळ्याचा शेवट. सप्टेंबरात भिंतीवर दोन फूट चौरस प्लास्टिकचा कागद चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून एक-दोन दिवस ठेवा. कागदाच्या आतल्या बाजूला दव धरले तर पाणी भिंतीतून येते आहे. त्या भिंतीला लाकडाची पाठ टेकवायची नाही, एवढे तिथेच ठरले.

उधईची तपासणीही याच वेळी. दाराच्या चौकटी आणि जुन्या तुळया पेचकसाच्या मुठीने ठोकत चला. भरीव आवाज अचानक पोकळ झाला किंवा भिंतीवर मातीची बारीक नळी चढलेली दिसली, की काम थांबवा. बांधून झालेल्या घरातल्या वाळवी-प्रतिबंधासाठी आयएस ६३१३ या भारतीय मानकाचा भाग ३ आहे. त्यात जमीन आणि भिंतीच्या सांध्यात ठरावीक अंतराने छिद्रे पाडून औषध सोडतात. हे काम फरशीच्या आणि कपाटाच्या आधी झाले पाहिजे. कपाटे बसल्यावर पाठीमागे हात पोचत नाही, आणि उधई नेमकी तिथूनच येते.

पायरी २ : जागांची वाटणी करा

आता घराचा कागदावर साधा नकाशा काढा आणि कपाट येणाऱ्या प्रत्येक जागेवर चारपैकी एक शब्द लिहा: पाणी, आच, वजन, कोरडी. सिंक, फिल्टर, पाण्याची पिंपे यांचा शेजार म्हणजे पाणी. शेगडीच्या दोन्ही बाजू म्हणजे आच. तूरडाळ, गहू, तेलाचे पिंप, पितळी भांडी म्हणजे वजन. कपडे, अंथरुणे, कागदपत्रे म्हणजे कोरडी जागा. आपल्याकडे वर्षाची डाळ आणि धान्य भरून ठेवण्याची रीत अजून मोडलेली नाही, म्हणून ‘वजन’ या शब्दाकडे शहरातल्या कॅटलॉगपेक्षा जास्त लक्ष द्या. कॅटलॉगमधल्या कप्प्यावर चार कप ठेवलेले असतात. तुमच्या कप्प्यावर तीस-चाळीस किलोचा डबा येणार असतो.

पायरी ३ : ओट्याखाली कडप्पा राहू द्या, तोंडाला चौकट लावा

माझा निर्वाळा स्पष्ट आहे. कडप्प्याचे पाय सरळ आणि घट्ट असतील तर ते तोडून तिथे प्लायवूडचे डबे बसवू नका. कडप्प्याला पाणी चढून तो फुगत नाही, उधई त्याला खात नाही, आणि त्याने वरच्या ग्रॅनाइटचे वजन पेललेले असते. सिंकच्या नळीतून थेंब-थेंब गळणारे पाणी महिनाभर कोणाच्या लक्षात येत नाही. तेवढ्या वेळात पार्टिकल बोर्डाचा तळ फुगून उकलतो. कडप्पा पुसला की पूर्वीसारखा.

चौकटीचा तोटा मात्र आधी समजून घ्या. दोन फुटांचा, म्हणजे २४ इंचांचा एक खण धरा. त्यात दोन्ही बाजूंना दीड इंचाची पट्टी गेली की तोंड उरते २१ इंच. टेलिस्कोपिक चॅनलला दोन्हीकडे अर्धा-अर्धा इंच सोडला की ड्रॉवर होतो २० इंच रुंद. हाच खण १८ मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंच प्लायवूडच्या बॉक्सचा केला, तर आत साडेबावीस इंच मिळतात आणि ड्रॉवर साडेएकवीस इंचांचा होतो. एका खणामागे दीड इंच. दहा फुटांच्या ओट्यावर पाच खण असतील तर साडेसात इंच जागा चौकटीने खाल्ली. जागा फार अरुंद असेल आणि भांडी जास्त असतील, तर ही साडेसात इंच मोठी गोष्ट आहे. तेव्हा शेजारी दोन खण न करता मधला कडप्पा काढून एक रुंद खण करण्याचा विचार करा. पण वरचा ग्रॅनाइट त्या पायावर टेकलेला नाही, याची गवंड्याकडून खात्री झाल्याशिवाय पाय हलवू नका.

मालाच्या हिशेबाने पाहिले तर चित्र उलटते. त्याच पाच खणांचे बॉक्स, प्रत्येकी २४ इंच रुंद, २८ इंच उंच, २२ इंच खोल, करायचे तर १८ मिलिमीटरच्या आठ बाय चार फुटी जवळजवळ तीन शीट डब्यांनाच जातात, पाठीला ६ मिलिमीटरची एक शीट आणि पल्ल्यांना आणखी एक. चौकटीच्या कामात डब्यांच्या तीन शीट आणि पाठीची शीट वाचते. त्याऐवजी दोन बाय एक इंचाची साधारण ४३ फूट सागाची पट्टी लागते. सगळी मिळून ती अर्ध्या घनफुटाहून थोडीच जास्त भरते. रंधा आणि कापणीची घट धरून पाऊण घनफूट घ्या.

कडप्प्याला चौकट बांधण्याची रीत अशी. कडप्प्याच्या पायाच्या बाजूला, तोंडापासून पाऊण इंच आत, सागाचे उभे गुटके लावायचे. छिद्र पाडताना ड्रिलचा हातोडा बंद ठेवा, नुसते फिरते ड्रिल वापरा. हातोड्याने कडप्प्याच्या पापुद्र्यांना चीर जाते. छिद्रात प्लग, मग स्टीलचा स्क्रू. चौकट या गुटक्यांना स्क्रूने धरायची, खिळ्यांनी नाही, म्हणजे कधी नळ बदलायचा झाला तर अख्खी चौकट उतरवता येते. चौकटीच्या पट्ट्या एकमेकींना खाच पाडून जोडलेल्या हव्यात. नुसत्या टेकवून खिळा मारलेला सांधा दोन पावसाळ्यांत उघडतो.

ड्रॉवर किंवा ट्रॉली बसवणार असाल तर चॅनलमागे पॅकिंग द्यायला विसरू देऊ नका. चौकट आत आलेली असते, कडप्पा मागे असतो. दोघांमधला फरक लाकडी पट्टीने भरून चॅनल चौकटीच्या आतल्या कडेशी सपाट आला नाही, तर ट्रॉली प्रत्येक वेळी चौकटीला घासत बाहेर येते. तारेची ट्रॉली घेताना ३०४ ग्रेडचे स्टील मागा आणि बिलावर तसे लिहून घ्या. स्वस्त २०२ ग्रेडला ओल्या भांड्यांनी गंज धरतो.

सिंकखाली दोन गोष्टी पाळा. तळाशी लाकडाचा कप्पा नको, आणि पल्ल्याच्या तळाशी दोन इंच मोकळे सोडा, हवा खेळती राहील.

सिलिंडरचा खण हा सुरक्षेचा विषय आहे. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की खाली साचतो. म्हणून या खणाच्या पल्ल्याला जमिनीलगत जाळी हवीच. वर जाळी ठेवून खाली बंद केलेला पल्ला निरुपयोगी आहे. या खणाला चौकटीची खालची आडवी पट्टीही लावू नका. तिच्यावरून भरलेला सिलिंडर उचलून आत ठेवावा लागतो, आणि पट्टी गॅस अडवतेही. १४.२ किलोच्या सिलिंडरला तोंड किमान १६ इंच मोकळे ठेवा आणि रेग्युलेटरसह उंची प्रत्यक्ष टेपने मोजा.

घर नवे असेल, ओटाच अजून बांधायचा असेल, तर? तरीही सिंक आणि सिलिंडरचे दोन खण कडप्प्याचे करा आणि ड्रॉवरचे खण बॉक्सचे. बॉक्स मात्र जमिनीवर टेकवू नका. चार इंच उंचीचे प्लास्टिकचे फिरते पाय मिळतात, ते लावा. फरशीचा उतार त्यांनी काढता येतो, फरशी धुतल्यावर पाणी लाकडाला लागत नाही, आणि समोरची पट्टी काढून खाली झाडता येते.

पायरी ४ : ओट्यावर आणि वॉर्डरोबला बॉक्स

इथे मी चौकटीचा आग्रह सोडतो. वर टांगायचे कपाट हलके आणि आपल्या अंगानेच ताठ असले पाहिजे. चार बाजू आणि पाठ एकत्र चिकटवलेला डबाच ते देतो. खोली १२ ते १४ इंच पुरे, आणि ओट्यापासून कपाटाच्या तळापर्यंत २० ते २४ इंच मोकळे ठेवा. कुकरची वाफ थेट तळावर येत असेल तर त्या तळाला आतून-बाहेरून सनमायका लावा. फक्त दिसणारी बाजू मढवून दुसरी उघडी ठेवली तर फळी वाकते.

टांगण्याची भिंत विटांची असेल तर पाठीच्या वरच्या कडेला १८ मिलिमीटरची आडवी पट्टी देऊन तिच्यातून भिंतीत लांब स्क्रू न्या. ६ मिलिमीटरच्या पाठीतून मारलेला स्क्रू वजन पेलत नाही. भिंत मातीची असेल तर तिच्यावर टांगण्याचा विचारच सोडा. प्लग मातीत धरत नाही. तिथे जमिनीपासून वरपर्यंत उभे पूर्ण उंचीचे कपाट करा आणि भिंतीला फक्त कलंडू नये एवढ्यापुरते अडकवा.

कप्प्याची लांबी वजनावर ठरवा. १८ मिलिमीटर प्लायवूडचा कप्पा कपड्यांसाठी अडीच फूट चालतो. डब्यांसाठी दोन फुटांपुढे गेला की मधोमध झोळ येतो. जास्त लांब हवाच असेल तर समोरच्या कडेखाली दीड इंचाची सागाची उभी पट्टी चिकटवा.

वॉर्डरोबच्या पाठीत आणि भिंतीत अर्धा इंच अंतर ठेवा.

पायरी ५ : फडताळ असेल तर त्याचा मान ठेवा

फडताळाची चौकट ठोकून पाहा. ती भरीव असेल तर अर्धे काम झालेले आहे. आतली माती सैल असेल तर खरवडून चुन्याचा गिलावा करा. घट्ट सिमेंट मातीच्या भिंतीवर धरत नाही, पुढे पापुद्रा होऊन सुटते आणि ओल आत कोंडते. बाजूंना प्लायवूड चिकटवण्याचा मोह टाळा. तिथे उधईला आडोसा मिळतो. त्याऐवजी आत सुटा, भिंतीला कुठेही न टेकणारा छोटा बॉक्स सरकवता येतो. तो चौकटीपेक्षा एक इंच लहान करा, म्हणजे वर्षातून एकदा बाहेर ओढून मागची भिंत पाहता येईल. जुने पल्ले झिजले असतील तर पल्ले बदला, चौकट ठेवा.

फडताळाची खोली भिंतीतली असते, खोलीतली जागा ते घेत नाही. दहा फुटी खोलीत दोन फूट खोल वॉर्डरोब उभा केला की खोली आठ फुटांची होते. हा फरक कागदावर कळत नाही. जमिनीवर खडूने कपाटाची रेषा मारा, पल्ले उघडल्यावर कुठवर येतील तेही आखा, आणि घरातल्या सगळ्यांना दोन दिवस त्या रेषांमधून वावरू द्या.

पायरी ६ : पल्ला आत की वर, ते ठरवा

बिजागरी यावर ठरते, म्हणून पल्ला कापण्याआधी हे नक्की करा. बॉक्सची कड पूर्ण झाकणारा पल्ला असेल तर ० क्रँकची, म्हणजे सरळ दांडीची, ऑटो बिजागरी. एकाच मधल्या फळीवर दोन बाजूंनी दोन पल्ले येत असतील तर अर्धी झाकणारी, ८-९ क्रँकची. चौकटीच्या आत बसणारा पल्ला असेल तर १५-१६ क्रँकची. तिन्हींच्या वाटीला पल्ल्यात ३५ मिलिमीटरचेच छिद्र लागते. त्यामुळे चुकीची बिजागरी आली तरी ती बसते, आणि पल्ला बंद होत नाही तेव्हा कळते. दुकानातून आणल्यावर एक बिजागरी एका पल्ल्यावर लावून पाहिल्याशिवाय बाकीची छिद्रे पाडू देऊ नका. तीन फुटांपर्यंतच्या पल्ल्याला दोन बिजागऱ्या, पाच फुटांपर्यंत तीन, सात फुटांच्या वॉर्डरोबला किमान चार.

आत बसणारा पल्ला दिसायला सगळ्यांत देखणा, पण त्याला हंगाम कळतो. भरीव सागाचा पल्ला मे महिन्यात केला तर तो आकसलेला असतो. चारही बाजूंना अडीच-तीन मिलिमीटर फट ठेवा, आषाढ-श्रावणात तो तेवढा भरून येईल. ऑगस्टात केला तर फट निम्मी पुरते. प्लायवूडच्या पल्ल्याला बाराही महिने दोन मिलिमीटर चालतात. आणि भरीव पल्ला कराल तर तो चौकट-तावदान पद्धतीचा करा. मधली फळी खाचेत सुटी ठेवायची, गोंद फक्त चौकटीच्या सांध्यांना. मधल्या फळीला गोंद लावला तर ती आकसताना मधून फाटते.

वर टेकणाऱ्या पल्ल्याला या फटींची फिकीर नाही. घरात लहान मुले धडाधड पल्ले आपटणारी असतील, सुतार नवखा असेल, किंवा भिंत दर वर्षी हलणारी असेल, तर पल्ला चौकटीवर टेकणाराच घ्या.

पायरी ७ : माल निवडा

प्लायवूड पाहताना फळीवरचा शिक्का वाचा. आयएस ३०३ खाली एमआर आणि बीडब्ल्यूआर असे दोन दर्जे येतात. एमआर हा फक्त कोरड्या जागेचा माल, बीडब्ल्यूआर स्वयंपाकघराचा. आयएस ७१० म्हणजे मरीन. त्याच्या चाचणीत नमुना ७२ तास उकळतात. तोंडी ‘वॉटरप्रूफ’ या शब्दाला काही अर्थ नाही. शिक्क्यावरही शंका असेल तर वीतभर तुकडा मागून घ्या आणि घरी चार तास उकळा. पदर सुटले तर ती शीट सिंकजवळ आणू नका. कापलेल्या कडेकडे नीट पाहा. आतल्या पदरांत पोकळ्या दिसल्या तर तिथे स्क्रू धरणार नाही.

आजचे बरेचसे प्लायवूड पॉप्लर आणि निलगिरीचे असते, त्यामागे इतिहास आहे. १२ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने जंगलतोडीवर कडक निर्बंध आले, ईशान्येकडचे प्लायवूड कारखाने मोडीत निघाले, आणि हा धंदा हरियाणातल्या यमुनानगरसारख्या ठिकाणी, शेतात लावलेल्या झाडांवर उभा राहिला. पॉप्लर हलके आणि मऊ. वरच्या कपाटाला ते छान, पण वजनदार पल्ल्याची बिजागरी त्यात ढिली पडते. पल्ल्यांना निलगिरीची किंवा मिश्र गाभ्याची शीट मागा.

चौकटीसाठी साग, यात दुमत नको. विदर्भाचा साग नावाजलेला आहे. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये बल्लारशाहून सागवान गेले. पण तुमचा उत्तम साग कदाचित तुमच्याच घरात आहे. जुना भाग उतरवताना निघालेल्या तुळया, सर, चौकटी कबाडीला देण्याआधी एकेक पाहून घ्या. कित्येक उन्हाळे-पावसाळे पाहिलेले ते लाकूड आता फारसे हलत नाही. नवा साग वाळवायला महिने लागतात, हा तयार आहे. लोहचुंबक फिरवून खिळे काढा, उधईने खाल्लेला भाग कापून टाका, आणि आरा मशीनवर दोन बाय एकच्या पट्ट्या पाडून घ्या. पाऊण घनफूट तर एका तुळईच्या तुकड्यात निघतो. लाकूड दुसऱ्या गावी न्यायचे असेल तर आधी वन विभागाच्या कार्यालयात वाहतूक परवान्याची चौकशी करा. नवे घेतले तर बिल आणि पास जपून ठेवा.

अॅल्युमिनियमच्या आणि पीव्हीसीच्या कपाटांविषयी थोडक्यात. पाणी आणि उधई यांपासून दोन्ही सुरक्षित. ज्या भिंतीची ओल जातच नाही, तिथे अॅल्युमिनियम सेक्शन हा प्रामाणिक पर्याय आहे, फक्त रिबिटी काही वर्षांनी खुळखुळतात. पोकळ पीव्हीसी शेगडीच्या दोन फुटांत नको, आचेने ते वाकते. पार्टिकल बोर्ड फक्त कोरड्या खोलीत, आणि तोही चारही कडा पट्टीने बंद केलेला.

पायरी ८ : बोलणी कागदावर आणा

‘चौरस फुटाला अमुक’ एवढे ऐकून होकार देऊ नका. तो चौरस फूट समोरून मोजायचा, की आतल्या फळ्याही धरायच्या? माल कोणाचा? पाठ किती जाडीची? आतून सनमायका आहे का? चॅनल किती किलोचे? कडप्पा-चौकटीच्या कामाचा आणि बॉक्सच्या कामाचा दर वेगळा हवा, कारण पहिल्यात माल कमी आणि हातकाम जास्त असते. एकाच दराने दोन्ही लावले तर कोणावर तरी अन्याय होतो, बहुधा चौकटीचे काम जाणणाऱ्या सुतारावर. खाच पाडून चौकट जोडणारे हात आता कमी उरलेत. असा सुतार गावात असेल तर त्याची मजुरी घासाघीस न करता द्या. दहा वर्षांनी पल्ला उतरला तर तोच सायकलवर येऊन दुरुस्त करील. अकोल्याहून आलेल्या तयार बॉक्सचा तुटलेला भाग मात्र तिकडूनच मागवावा लागतो.

काम दिवाळीनंतर काढा, फाल्गुनाच्या आत संपवा. हवा कोरडी असते, गोंद नीट धरतो, आणि घरात उन्हाळी लग्नसराईची धावपळ सुरू झालेली नसते.

पायरी ९ : ताब्यात घेताना

प्रत्येक पल्ला अर्धा उघडून हात सोडा. तो आपणहून फिरला तर कपाट ओळंब्यात नाही. प्रत्येक उघड्या तोंडाचे दोन्ही कर्ण मोजा, फरक दोन-तीन मिलिमीटरच्या पुढे नको. ड्रॉवरमध्ये दहा किलो गहू ठेवून पूर्ण बाहेर ओढा आणि समोरची कड खाली झुकते का, ते पाहा. सिंकखाली कोरडा कागद पसरून तासभर नळ चालवा. सिलिंडरच्या खणात भरलेला सिलिंडर घरातल्या बाईमाणसाला एकटीने आत-बाहेर करता येतो का, हे तिलाच करून पाहू द्या. उरलेला सनमायका, सागाच्या दोन-चार पट्ट्या, बिजागरीचा एक जोड आणि सनमायकाचा नंबर घरात ठेवून घ्या. हे सगळे झाल्यावरच शेवटचा हप्ता द्या.

पैसे कमी पडत असतील तर बेडरूमचा वॉर्डरोब पुढच्या दिवाळीवर ढकला, पेटी आणि दोरीवर वर्ष निघते. सिंक आणि सिलिंडरखालचे काम मात्र हलक्या मालात उरकू नका.